चित्र आले, आवाज राहिला

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. त्या हरिश्चंद्राने राज्य दिले, बायको विकली, मुलगा विकला, स्मशानात पहारा केला. पण एवढे सोसूनही त्याच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. बिचाऱ्याला वाचा फुटायला १९३२ साल उजाडावे लागले. त्या साली आलेला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' म्हणजे तोच हरिश्चंद्र, फक्त आता बोलणारा. मधल्या एकोणीस वर्षांत पडद्यापुढे पेटी-तबला बसवून लोकांनी वेळ निभावून नेली. चित्र आधी येते, आवाज मागाहून येतो, हा या यंत्रयुगाचा शिरस्ताच दिसतो.

हे आठवण्याचे कारण असे, की हल्ली घरोघर शिरलेल्या एका नव्या युक्तीची तऱ्हा अगदी हीच आहे. तिचे नाव रिमोट डेस्कटॉप. नाव इंग्रजी असले तरी गोष्ट सोपी आहे. आपण रोह्यात माजघरात बसायचे आणि बेलापूरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालवायचा. आपण इकडे कळ दाबली की ती तिकडे दाबली जाते, आणि तिकडच्या पडद्यावर जे उमटते त्याचे चित्र इकडे आपल्या पडद्यावर येते. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सूत्रधार पडद्याआड असतो, बाहुली समोर नाचते; येथे सूत्रधार शंभर किलोमीटर लांब, एवढाच फरक. काम सगळे तिकडच्या यंत्रात होते. आपल्या पुढ्यातले यंत्र नुसते खिडकीचे काम करते.

आता खिडकी म्हटली की तिच्यातून दिसते तसे ऐकूही यावे, अशी आपली समजूत. पण मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली विंडोज एन.टी. ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली, तेव्हा ही खिडकी साफ मुकी होती. दिसायचे सगळे, ऐकू यायचे काही नाही. आवाज आला तो २००१ च्या विंडोज एक्स.पी. बरोबर. मूकपटाचा बोलपट व्हायला येथे तीनच वर्षे लागली, हे फाळक्यांच्या मानाने पुष्कळच बरे म्हणायचे. व्ही.एन.सी. नावाची दुसरी एक पद्धत त्याच सुमारास केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून बाहेर पडली. तिच्या मूळ रचनेत आवाजाला जागाच नाही. ती वापरणाऱ्याने आवाजासाठी वेगळी वाट शोधायची.

आवाजाचे असे काय अवघड आहे, असे कोणी विचारील. उत्तर डोळ्यांच्या आणि कानांच्या स्वभावात आहे. पडद्यावर पत्र उघडून ठेवले तर पाच मिनिटे काहीच हलत नाही, आणि जे हलत नाही ते पुन्हा पाठवावे लागत नाही. जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवला की झाले. तो अर्धा सेकंद उशिरा आला तरी डोळा तक्रार करीत नाही. कानाचे तसे नाही. आवाज म्हणजे अखंड धार. ती क्षणभर तुटली की कान लगेच ओळखतो, आणि धार उशिरा आली तर बोलणाऱ्याचे ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे. शिवाय वजनही आहे. गाण्याच्या तबकडीवरचा, म्हणजे सी.डी.वरचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा तर एका सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, आणि डाव्या-उजव्या कानासाठी दोनदा; म्हणजे १४,११,२०० बिट. म्हणून तो दाबून, आवळून पाठवितात. चित्रे, कळा, छपाईची कागदपत्रे आणि आवाज अशी प्रत्येकाची वेगळी थैली करून एकाच टपालगाडीतून पाठवायची, अशी या पद्धतीची योजना आहे. यातली आवाजाची थैली उतरवून ठेवली तरी गाडी अडत नाही. त्यामुळे ती कोणी उतरवली आहे, हे कळायलाच वेळ लागतो.

२०२० च्या मार्चअखेर देश बंद झाला आणि मुंबईत नोकरी करणारा आमचा सगळा रायगड जिल्हा आपापल्या गावी परतला. पेणला, नागोठण्याला, रोह्याला, माणगावला ओट्याओट्यावर कॉम्प्युटर मांडले गेले. ज्यांनी जन्मात रिमोट डेस्कटॉप हे शब्द ऐकले नव्हते, ते आठ दिवसांत त्याच्या नावाने बोटे मोडू लागले.

पेणच्या एका गृहस्थांची हकीकत या निमित्ताने सांगण्यासारखी आहे. पेण म्हटले की गणपती, हे तर झालेच. त्या वर्षी सार्वजनिक मूर्ती चार फुटांची आणि घरची दोन फुटांची असावी असा सरकारी दंडक निघाला, आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत आधीच तयार होऊन बसलेल्या उंच मूर्तींकडे पाहात लोक कपाळाला हात लावून बसले. आमचे गृहस्थ मात्र मूर्तिकार नव्हेत, हिशेबनीस. ऑफिस अंधेरीला. दहा वर्षांत त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरात भजने नि अभंग यांचा मोठा साठा करून ठेवलेला. संध्याकाळी आकडेमोड करताना मंद आवाजात भीमसेन लावायचे, अशी त्यांची जुनी सवय. पेणला बसून रिमोट डेस्कटॉप जोडला, हिशेब उघडले आणि सवयीप्रमाणे अभंग लावला. पडद्यावर गाणे चालू असल्याची खूण दिसत होती, आवाज मात्र नाही. त्यांनी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. अखेर काटा शंभरावर नेऊन ठेवला आणि इंटरनेटला शिव्या देत हिशेबाला लागले.

इकडे, म्हणजे तिकडे, अंधेरीला काय झाले? सहा मजली इमारत, सगळी कुलूपबंद, रात्रीचे नऊ वाजलेले, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नाही. पहारेकरी खाली खुर्ची टाकून बसलेला. आणि चौथ्या मजल्यावरून विठ्ठलाचा धावा सुरू झाला! पहारेकरी हातात काठी घेऊन वर गेला. दाराला कुलूप. काचेतून पाहिले तर आत काळोख, एकही पडदा उजळलेला नाही, माणसाचा मागमूस नाही, आणि अभंग मात्र टिपेला पोहोचलेला. त्याने मालकांना फोन लावला, "साहेब, हापिसात कोणीतरी गातंय, आणि कोणी नाय!" मालकांना आपल्या हिशेबनिसाची आवड ठाऊक होती म्हणून बरे. त्यांनी पेणला फोन केला. "अहो जोशीबुवा, तेवढा पांडुरंग बंद करा, आमचा वॉचमन नोकरी सोडून चाललाय." गृहस्थांचे आडनाव जोशी नाही. भजनामुळे ऑफिसात त्यांना तसे म्हणत.

यात भुताचा काही संबंध नव्हता, हे सुज्ञांस सांगावयास नकोच. जोडणी करताना जी छोटी चौकट उघडते, तिच्यात 'शो ऑप्शन्स' म्हणून एक कळ असते. ती दाबली की वरती चार-सहा कप्पे दिसतात. त्यांतल्या 'लोकल रिसोर्सेस' या कप्प्यात सगळ्यात वर 'रिमोट ऑडिओ' आणि त्याखाली 'सेटिंग्ज'. तेथे तीन पर्याय आहेत: आवाज आपल्या पुढ्यातल्या कॉम्प्युटरवर वाजवा, वाजवूच नका, आणि तिकडच्या कॉम्प्युटरवर वाजवा. पेणकरांच्या जोडणीत तिसरा पर्याय निवडलेला होता. त्यांनी तो निवडलाच नव्हता. ऑफिसने जोडणीची एक तयार फाईल पाठविली होती, तिच्यात तो आधीच लिहिलेला होता. अशा फाईली साध्या मजकुराच्या असतात. नोटपॅडमध्ये उघडल्या की 'ऑडिओमोड' या नावाची एक ओळ सापडते आणि तिच्या शेवटी एक आकडा. ० असेल तर आवाज इकडे, १ असेल तर तिकडे, २ असेल तर कोठेच नाही. पेणला तो १ होता. एका आकड्यासाठी पहारेकऱ्याची रात्र गेली. त्याचा ० केला आणि दुसऱ्या दिवसापासून भीमसेन पेणला गाऊ लागले.

ही झाली हसण्याची गोष्ट. पेणहून गाडीत बसले की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. तेथली गोष्ट जरा निराळी आहे.

रोह्याचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आमच्या सदराचे जुने वाचक. त्यांची मुलगी जन्मापासून दृष्टिहीन. मुंबईच्या अंधशाळेत शिकली, बी.ए. झाली, आणि २०१९ मध्ये नव्या मुंबईतल्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या, नोंदवायच्या आणि उत्तरे लिहायची, असे काम. पनवेलला मावशीकडे राहायची, सकाळी लोकलने जायची. पहिली दोन वर्षे उमेदवारीची. मग कायम करायचे की नाही ते ठरायचे.

दृष्टिहीन माणूस कॉम्प्युटर कसा चालवतो, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पडद्यावर जे लिहिलेले आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी असले प्रोग्राम इतके महाग असत की माणसाला कॉम्प्युटरपेक्षा त्याचीच किंमत जड जाई. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन तरुणांनी, दोघेही दृष्टिहीन, २००६ साली एन.व्ही.डी.ए. नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला आणि तो जगाला फुकट दिला. तो मराठीही वाचतो. उच्चार थोडा परदेशातून शिकून आलेल्या भाच्यासारखा, पण कळते. आमच्या मास्तरांची मुलगी त्याच्यावर इतकी तयार झालेली की तो ज्या वेगाने वाचतो तो वेग तुमच्या-आमच्या कानाला माशी घोंगावल्यासारखा वाटतो. ती त्यातून नाव, तारीख, रक्कम नेमकी टिपते.

टाळेबंदी लागली तशी ती रोह्याला आली. कंपनीने लॅपटॉप दिला आणि सांगितले, ऑफिसातल्या सर्व्हरला रिमोट डेस्कटॉपने जोडून घ्या, सगळे काम तेथे आहे. तिने जोडले. घरच्या स्क्रीन रीडरने त्या खिडकीचे नाव वाचले आणि तो गप्प झाला. कळा दाबा, बाण फिरवा, काही नाही.

कारण उघड आहे. त्या खिडकीतून अक्षरे येतच नाहीत, अक्षरांची चित्रे येतात. घरच्या स्क्रीन रीडरला ते सगळे म्हणजे भिंतीवर लावलेला फोटो. त्याने वाचायचे काय? यावर उपाय एकच. स्क्रीन रीडर तिकडे, सर्व्हरवर बसवायचा, तिकडेच त्याने वाचायचे आणि त्याचा आवाज तारेतून रोह्याला आणायचा. पेणच्या हिशेबनिसाला आवाज नाही मिळाला तर अभंग चुकला. हिला आवाज नाही मिळाला तर पडदाच नाही.

आणि त्या सर्व्हरवर आवाज बंद होता. हे काही त्या कंपनीचेच वैशिष्ट्य नव्हे. मायक्रोसॉफ्टनेच २००३ आणि २००८ सालच्या आपल्या सर्व्हर-विंडोजमध्ये आवाज परत पाठवण्याची मुभा मुळातच बंद ठेवलेली होती. नंतरच्या आवृत्त्यांत ती खुली झाली, तरी पुष्कळ ठिकाणचे व्यवस्थापक ती हाताने बंद करतात. दोनशे माणसे एकदम जोडली गेली आणि प्रत्येकाने गाणी लावली तर तारेवर भार पडेल, शिवाय ऑफिसातली कोणती गोष्ट कोठे बाहेर जाईल याचा नेम नाही, असा त्यामागचा विचार. नियम वाईट नव्हता. मात्र तो करणाऱ्या सगळ्यांना डोळे होते.

मुलीने अर्ज केला. उत्तर आले, "ध्वनीची सुविधा सुरक्षा-धोरणानुसार उपलब्ध नाही." तिने फोन केला. वरिष्ठ साहेब घाईत होते. म्हणाले, "घरी बसून काम करायचे तर आवाज कशाला हवा? गाणी ऐकायची आहेत का?"

ती म्हणाली, "साहेब, तुमचा मॉनिटर बंद करा आणि फक्त पाच मिनिटे काम करून पाहा."

साहेबांनी "बघतो" म्हणून फोन ठेवला. बघतो या शब्दाला आपल्या कचेऱ्यांत काय अर्थ असतो हे वाचकांस ठाऊक आहे.

मग घरात एक व्यवस्था सुरू झाली. मुलगी कळा दाबणार आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेले मास्तर पडदा वाचून दाखवणार. चौतीस वर्षे चौथीच्या मुलांना प्रकट वाचन शिकवलेला माणूस. ते पहिल्या दिवशी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू झाले: "फाईल, एडिट, व्ह्यू..." स्वल्पविराम आला की थांबायचे, पूर्णविराम आला की श्वास घ्यायचा. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्ही फार छान वाचता, पण माझे मशीन एवढ्या वेळात तीन पाने वाचते." मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, "मशीनला पेन्शन नाही, बाई. त्याला घाई असणारच." दुपारी दोन तास विश्रांती, पुन्हा रात्री नऊपर्यंत. एप्रिल गेला. एरवी ती दिवसाला चाळीस तक्रारी निकालात काढी, आता बारा-तेरा होऊ लागल्या. महिन्याचा तक्ता आला त्यात तिचे नाव सगळ्यांच्या खाली. उमेदवारीतल्या माणसाच्या दृष्टीने तो तक्ता म्हणजे काय, हे सांगायला नको.

मास्तरांनी त्या वेळी आम्हांस पत्र लिहिले. यंत्राविषयी त्यांनी चार ओळी विचारले होते. बाकीचे दोन कागद दुसऱ्याच गोष्टीविषयी होते. "वाचून घसा बसतो त्याचे काही नाही," त्यांनी लिहिले होते, "पण लोकांच्या तक्रारी मला वाचाव्या लागतात. कोणाचा नवरा वारला, कोणाच्या खात्यावर किती रुपये राहिले, कोणाचे आजारपण. हे कागद मी वाचायचे नाहीत हे मला कळते."

या वाक्यातच किल्ली होती. ती आम्ही दाखवली असे म्हणणे शोभणार नाही. मुलीने ती आधीच ओळखली होती, आणि आमचे उत्तर पोहोचण्यापूर्वी तिचा दुसरा अर्ज गेलाही होता. या वेळी तो सुरक्षा-विभागाला. त्यात सोयीची याचना नव्हती. तिने एवढेच कळवले, की सुरक्षेसाठी आवाज बंद ठेवल्यामुळे कंपनीच्या ग्राहकांची खाजगी माहिती गेले सात आठवडे एका बाहेरच्या इसमास रोज आठ तास वाचावी लागत आहे. सदर इसम माझे वडील असून ते प्रामाणिक आहेत, तथापि त्यांची कंपनीत नेमणूक झालेली नाही. अर्जासोबत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला होता. या कायद्याने सरकारी आस्थापनांना वाजवी सोय करून देणे बांधील केले आहे, आणि सर्वच आस्थापनांना समान संधीचे धोरण जाहीर करायला सांगितले आहे. ते धोरण आपल्या कंपनीत कोठे पाहावयास मिळेल, अशी नम्र विचारणाही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तांत्रिक विभागातला एक पोरगेलासा मुलगा होता. "ताई, मला कोणी हे आधी सांगितलेच नाही हो." तो तीन तास फोनवर बसला. सर्व्हरवर स्क्रीन रीडर बसवला. मग पाहिले तर विंडोजमधली 'विंडोज ऑडिओ' नावाची सेवाच झोपलेली. तिला उठवले आणि यापुढे सर्व्हर चालू झाला की आपोआप उठेल असे केले. मग धोरणांच्या लांबलचक यादीतून 'अलाऊ ऑडिओ अँड व्हिडिओ प्लेबॅक रीडायरेक्शन' हे कलम शोधून ते उघडले. इकडे रोह्याच्या लॅपटॉपवर तीन पर्यायांपैकी पहिला पर्याय. तरी आवाज नाही. मास्तर हिरमुसले. तो मुलगा म्हणाला, "ताई, खिडकी नुसती बंद करू नका, पूर्ण लॉग-ऑफ करा आणि पुन्हा या." ही गोष्ट बारीक आहे, पण असंख्य लोक येथेच अडतात. नुसती खिडकी मिटली तर तिकडचे जुने सत्र तसेच चालू राहते आणि त्याला नव्या नियमाचा पत्ताच नसतो.

ती पूर्ण बाहेर पडली, पुन्हा आत गेली. घड्याळाजवळच्या कर्ण्याच्या चिन्हावर आता 'रिमोट ऑडिओ' असे नाव आले होते. आणि लॅपटॉप बोलला, "रिसायकल बिन."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. देवापुढे साखर ठेवली, मग विचारले, "काय म्हणाला गं तो?"

"कचऱ्याची टोपली, आई."

"असू दे. बोलला ना!"

मास्तर आपली खुर्ची उचलून ओसरीवर गेले. हा मे महिन्याचा शेवटचा आठवडा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्याने काय केले ते या भागातल्या लोकांना सांगायला नको. आंबा-सुपारीच्या बागा झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब काड्यांसारखे मोडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही तर मोबाईलचे मनोरे मुके. वीज आली, पण इंटरनेट आले ते लंगडत. चित्र कसेबसे येई. आवाज मात्र चाळणीतून गाळल्यासारखा, शब्दाचे पहिले अक्षर आता तर दुसरे मग. कळ दाबल्यावर तिचे नाव ऐकू यायला दीड-दोन सेकंद. आपण रस्त्यावर पाऊल टाकावे आणि पायाखाली काय आहे ते दोन सेकंदांनी कळावे, असे ते चालणे.

आवाजाचा दर्जा कमी करून पाहिला. तशीही सोय त्याच धोरणांच्या यादीत आहे. थोडा फरक पडला. पण खरा उपाय त्या पोराने शोधला, आणि तो इतका साधा आहे की ऐकून आम्हांस मौज वाटली. आवाज पाठवायचाच कशाला? शब्द पाठवा!

तिकडचा स्क्रीन रीडर जे वाक्य बोलणार असतो, ते त्याच्यापाशी आधी अक्षरांतच असते. ती अक्षरे तशीच रोह्याला पाठवावीत आणि रोह्याच्या स्क्रीन रीडरने ती आपल्या तोंडाने वाचावीत. हिशेब पाहा. टेलिफोनच्या प्रतीचा साधा आवाज सेकंदाला ६४,००० बिट खातो. एका सेकंदात माणूस बोलतो ती सुमारे पंधरा अक्षरचिन्हे. देवनागरीत प्रत्येकी २४ बिट धरले तरी ३६०. पाऊणदोनशे पटींनी हलके! तुटक्या तारेवरूनही ते सुखाने येते. एन.व्ही.डी.ए. ला जोडायचे असे एक उपकरण ख्रिस्तोफर टॉथ आणि टायलर स्पायव्ही यांनी २०१५ साली लोकवर्गणीतून तयार केले होते. २०२५ च्या आवृत्तीपासून तशी सोय एन.व्ही.डी.ए. च्या पोटातच आली आहे. जॉज या विकत मिळणाऱ्या स्क्रीन रीडरमध्येही या धर्तीची योजना आहे. कंपनीने मधला सर्व्हर स्वतःच्याच छपराखाली ठेवण्याच्या अटीवर परवानगी दिली. एव्हाना त्या मुलीच्या अर्जांना तेथे वजन आले होते.

रोहेकरांना ही कल्पना नवी वाटू नये. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, यांचे शालेय शिक्षण रोह्यात सुरू झाले, आणि त्यांनीच 'मेघदूता'चे मराठी भाषांतर केले आहे. त्या यक्षाने तरी काय केले? त्याला स्वतःचा आवाज अलकेपर्यंत पाठवता येत नव्हता. त्याने शब्द मेघाच्या स्वाधीन केले आणि सांगितले, तेथे गेल्यावर तू आपल्या गंभीर आवाजात ते तिला ऐकव. निरोप रामगिरीचा, आवाज अलकेच्या आभाळातला. आजकाल ज्याला त्याला क्लाउड म्हणण्याची चाल पडली आहे ती पाहता, यक्षाला काळाच्या फार पुढे असल्याचे श्रेय द्यावे लागेल.

जुलैपासून तिच्या तक्रारींचा आकडा पुन्हा चाळिसावर गेला. २०२१ मध्ये ती कायम झाली. कायम झाल्याचे पत्र तिने स्वतः वाचले, मास्तरांना नंतर दाखवले. मास्तरांनी ते पुन्हा एकदा मोठ्याने, स्वल्पविरामांसह वाचले. कंपनीच्या नव्या माणसांना देण्याच्या अर्जात आता एक ओळ वाढली आहे: "आपणांस काम करण्यासाठी ध्वनीची आवश्यकता आहे काय?" एवढी ओळ छापायला चार महिने आणि एक मास्तर लागले.

आता उरलेल्या किरकोळ चौकशा. लिनक्सच्या यंत्राला एक्स.आर.डी.पी. मार्फत जोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की नुसता एक्स.आर.डी.पी. बसवून आवाज येत नाही. त्याला पल्सऑडिओचे वेगळे मॉड्यूल जोडावे लागते, आणि तेच राहून जाते. विंडोजच्या होम आवृत्तीला बाहेरून या पद्धतीने जोडताच येत नाही, मग आवाजाचा प्रश्न दूरच. तिकडचे यंत्र प्रो असले पाहिजे. पेणच्या हिशेबनिसांनी अलीकडे विचारले आहे, की इकडचे बोलणे तिकडे कसे पाठवावे. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून ती सोय आहे. त्याच 'रिमोट ऑडिओ'च्या चौकटीत खालच्या अर्ध्या भागात ध्वनिमुद्रणाचे दोन पर्याय आहेत. त्यांतला 'रेकॉर्ड फ्रॉम धिस कॉम्प्युटर' हा निवडावा आणि जोडणी नव्याने करावी. तरीही आवाज गेला नाही, तर तिकडच्या व्यवस्थापकास ध्वनिमुद्रणाचे वेगळे कलम उघडण्यास सांगावे. वाजवण्याचे आणि मुद्रणाचे अशी ती दोन निरनिराळी कलमे आहेत.